बंद मोबाईलची गोष्ट कोणाची

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

परत आली. सहाव्यांदा.

सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मोबाईल बघितला, तर पूर्णा स्टेशनच्या स्टाफच्या ग्रुपवर माझीच कथा. वर गुलाबाची फुलं, खाली जोडलेले हात, आणि मधोमध — ‘शेवटपर्यंत वाचा, डोळे पाणावतील. लेखक अज्ञात.’ पाठवणारा कोण, तर महारुद्र! माझ्या शेजारच्या तिकीट-खिडकीवर बसणारा माणूस. दहा वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खातोय आम्ही.

त्याला म्हणालो, बाबा रे, ही मी लिहिली. ऑगस्टात माझ्या पेजवर टाकली होती, ‘रिचार्ज’ नावानं. तू लाईकसुद्धा केलं होतंस. तर म्हणतो, “तुमची कशी असंल? मला तर जालन्याच्या साडूनं पाठवलीय.”

म्हणजे जालन्याच्या साडूकडून आली की खरी, आणि पूर्णेच्या बन्सीधरनं लिहिली म्हटलं की खोटी.

कोणीतरी एकानं पहिल्यांदा माझी कथा उचलली, शेवटची ओळ — माझं नाव — पुसली आणि पुढं ढकलली. दोन सेकंदांचं काम. तो हरामखोर कोण, ते मला कळलं पाहिजे.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रकाशकांना फोन केला. संग्रह त्यांच्याकडं जाऊन चौदा महिने झाले. अकरा वर्षांत लिहिलेल्या सतरा कथा. “लेखन उत्तमच आहे हो तुमचं,” म्हणाले, “पण वाचक कुठंयत? पेजवर किती जण? आठशे? पाच हजार तरी होऊ द्या, मग बोलू.”

माझी एक कथा नांदेडपासून नाशिकपर्यंत फिरायलीय आणि मला वाचक नाहीत! तसं सांगितलं त्यांना. तर म्हणाले, “पण तिच्यावर तुमचं नाव नाही ना.”

१७ नोव्हेंबर, रविवार

परभणीला शिबिराला जाऊन आलो. ‘नवलेखक आणि समाजमाध्यमं.’ मी पन्नाशीला आलो तरी नवलेखकच. लातूरच्या रुद्राणी मॅडम बोलल्या. चांगल्या बोलल्या, खोटं कशाला लिहू. मोबाईल दिवसातून दोनदाच उघडायचा, अर्धा अर्धा तास. आवाज बंद ठेवायचा. दुसऱ्याचे आकडे बघायचे नाहीत. वाचक म्हणजे माणूस, त्याच्याशी माणसासारखं बोलायचं. सगळं वहीत उतरवून घेतलं.

शेवटी हात वर करून विचारलं — चोरीला गेलेली कथा परत कशी मिळवायची? अख्खा हॉल वळून बघायला लागला, जशी काय माझी सायकल चोरीला गेलीय. मॅडम म्हणाल्या, “मूळ पोस्ट नावासकट परत टाका. शांतपणे. भांडत बसू नका.”

संध्याकाळी टाकली. नावासकट. शांतपणे.

१८ नोव्हेंबर

पहिली कमेंट — ‘काका, ही जुनी गोष्ट आहे. दुसऱ्याचं ढापून स्वतःच्या नावावर खपवायला लाज वाटत नाही का?’ ऑगस्टातली तारीख दाखवली. तर म्हणे, तुम्हीच तेव्हा कुठून तरी उचलली असेल.

२१ नोव्हेंबर

मॅडमचे सगळे नियम मोडले. आज खिडकीवर एका बाईनं काचेवर बांगड्या आपटल्या — “ओ साहेब, परळीची दोन तिकिटं देता का मोबाईलच बघत बसता? गाडी लागली की तिकडं.”

२४ नोव्हेंबर, रविवार

गोष्ट कुठून आली ते लिहून ठेवतो. इथं तरी कोणी पुरावा मागणार नाही.

झरी माझी सासुरवाडी. सासरे लिंबाजीराव गेल्यापासून मामी — सासूबाईंना मी मामी म्हणतो — एकट्याच राहतात. मेव्हणा नागनाथ पुण्यात. मामींकडं बटनांचा मोबाईल. रिचार्ज नागनाथ करायचा, तो विसरला. फोन येणंच बंद झालं. इकडून माझी बायको राजेश्री लावायची, बंद लागायचा. दोनचारदा लावून तिनंही सोडून दिलं. पाच महिने गेले असे. मला ड्युटी, लिहिणं, पेज — कुठं वेळ होता.

ऑगस्टात राखीच्या आठवड्यात राजेश्री न कळवता झरीला गेली. जवळचं म्हणून मागच्या दारानं शिरली. मामी पुढं ओसरीवर बसलेल्या, मोबाईल कानाला, आणि मोठ्यामोठ्यानं बोलायल्या होत्या — “बाई राजेश्री, असा रोज रोज नको करत जाऊ फोन. तुला कामं असत्यात.”

समोरच्या ओसरीवर शेजारीण दगडाबाई. तिची पोरं पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करतात, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा. तिला ऐकू जावं म्हणून हे चाललेलं. बंद मोबाईलवर. आणि खरी राजेश्री मागं आतल्या खोलीत उभी.

परत आली ती रडतच. मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी एका बैठकीत कथा लिहून काढली. नावं बदलली, गाव बदललं. अशी कथा आयुष्यात एकदाच उतरते. घटना काय, घटना सगळ्यांच्याच घरात असतात. लिहिणारा लागतो.

तेव्हापासून राजेश्री स्वतः रिचार्ज करते आणि रोज संध्याकाळी सहाला आईला फोन लावते. मामी आता खरंच बोलतात, ओसरीवर बसूनच. लय खूश असतात. एवढं तर माझ्या कथेनंच केलं की.

१ डिसेंबर, रविवार

राजेश्रीला म्हणालो, तुझ्या बायकांच्या ग्रुपवर गोष्ट पहिल्यांदा कधी आली, कोणी टाकली, बघून सांग. एकेक धागा उलटा ओढत गेलं की चोर सापडतो. ती पोळ्या करायली होती. मान वर न करता म्हणाली, “जाऊ द्या की. लोक वाचायलेत ना? नाव असलं काय, नसलं काय.”

बावीस वर्षांच्या संसारात ही किंमत! बाहेरच्यांचं सोडा, घरातल्या माणसालाच माझ्या नावाचं काही नाही. ताटावरून उठलो.

५ डिसेंबर

‘ही गोष्ट वाचून दोन वर्षांनी आईला फोन केला’ — हिंगोलीच्या कोणा बाईची कमेंट, त्या बिननावाच्या कॉपीखाली. हजारो लोकांनी तिला बदाम पाठवलेत. माझ्या पोस्टखाली एक जण विचारतोय, पूर्णा-परळी किती वाजता सुटते.

८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते वैऱ्यावर येऊ नये.

इथल्या मंगल कार्यालयात ज्येष्ठांचा मेळावा. निवृत्त हेडमास्तर रंगनाथराव भाषणाला उभे राहिले, खिशातून मोबाईल काढला, चष्मा बदलला आणि वाचायला लागले. माझी कथा! पहिल्या वाक्यापासून. अडखळत वाचत होते, तरी बायकांनी डोळ्याला पदर लावले. दोनशे माणसं माझ्या वाक्यांवर रडायलीत आणि मी मागच्या खुर्चीवर, पंख्याखाली. वाचून झाल्यावर म्हणाले, “या अनामिक लेखकाला माझं वंदन.”

मी उठलो. म्हणालो, “सर, तो लेखक मी.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग हसले. रंगनाथराव समजुतीच्या आवाजात म्हणाले, “बसा, बन्सीधरराव. अशा गोष्टी कोणा एकाच्या नसतात.” मागून कोणीतरी — तिकिटं द्यायचं सोडून हे काय काढलं यांनी. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तेवढं वळून विचारलं, “तुमी बघितलीय का हो ती बाई? खरंच हाय का?”

चहा न घेता बाहेर पडलो. सबंध रस्ताभर कान तापलेले. पुरावा पाहिजे ना? देतो.

९ डिसेंबर, सोमवार

टाकली पोस्ट. ‘होय, ती कथा माझी आहे. कारण ती बाई माझ्या सासूबाई आहेत. श्रीमती सुमनबाई, मुक्काम झरी.’ सगळं लिहिलं. संपलेलं रिचार्ज, पाच महिने, शेजारणीला ऐकू जावं म्हणून केलेलं बोलणं. वहीतलं पहिलं हस्तलिखित जोडलं, तारखेसकट. सोबत दिवाळीत काढलेला मामींचा फोटो — ओसरीवर, मोबाईल कानाला. फोटोत त्या खरं तर नागनाथशी बोलत होत्या, पण ते कोणाला कळतंय.

आता बोला म्हणावं.

१० डिसेंबर

पेजवर सकाळी दोन हजार शंभर जण. दुपारी तीन हजार आठशे. महारुद्रनं स्टाफच्या ग्रुपवर माझी माफी मागितली, वर चहा पाजला. रंगनाथरावांनी पोस्ट पुढं पाठवली — ‘आपल्या पूर्णेचे भूषण.’

राजेश्री बोलेना. सकाळी तिनं पोस्ट वाचली, मोबाईल पालथा ठेवला आणि डबा भरायला लागली. आनंद झाला तर झाला म्हणावं माणसानं.

१२ डिसेंबर, गुरुवार

सहा हजार! प्रकाशकांनी आज स्वतः फोन केला. ‘बन्सीधरराव’ म्हणाले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पुस्तक नक्की, ही कथाही त्यात घालायची. नाव ‘रिचार्ज’. मुखपृष्ठावर तोच फोटो घेऊ म्हणतात.

झरीच्या पोरांच्याही कमेंट आल्यात. ‘अरे ह्या तर आमच्या सुमनमावशी!’ खाली हसणारी तोंडं. दगडाबाईच्या मुलानं पोस्ट शेअर केलीय. बरं झालं. गावानंच ओळख पटवल्यावर आता कोणाची टाप आहे मला खोटं म्हणायची.

घरात अजून अबोला. मी तरी किती मनधरणी करायची, आणि कशाबद्दल?

१५ डिसेंबर, रविवार

सुट्टी होती. पेढे घेऊन झरीला जाऊन आलो, एकटाच. राजेश्री हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

ओसरी मोकळी होती. दार लोटलेलं. मामी आतल्या खोलीत. पेढ्यांचा पुडा घेतला, देवापुढं ठेवला, पाणी दिलं, चहा टाकला. जावयाचं करायचं ते सगळं केलं. मी पुस्तकाचं सांगितलं. “बरं झालं बापू,” म्हणाल्या. “लय दिवस झटत व्हता.”

मग उठल्या. कोनाड्यातून मोबाईल काढला, चार्जरची वायर त्याच्याभोवती गुंडाळली आणि माझ्या हातात दिला.

“हे तुमी घेऊन जावा.”

का म्हणून विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाल्या, “परवा राजेश्रीचा फोन आला. मी आपली बोलायले. तर समोरून दगडाबाई म्हणती, कर बाई कर, चालू दे तुझं. बोळातली पोरं पण कानाला हात लावून दाखवत्यात. लेकीला सांगितलं न्हाई म्या, तिचा जीव जळंल. आता खरा आला तरी कोणाला खरा वाटत न्हाई. मग कशाला पाहिजे?”

मी म्हणालो, मामी, ती पोस्ट काढून टाकतो.

“काढून काय व्हतंय? वाचलेलं थोडंच निघतंय.”

बसमध्ये पोस्ट काढायला मोबाईल उघडला. आठ हजार तीनशे. बोट वर धरून बसलो. परभणीचा स्टँड आला, माणसं उतरली, चढली. नाही काढली. इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहायचं तोंड नाही.

मामींचा मोबाईल माझ्या बॅगेत आहे. राजेश्रीला अजून सांगितलं नाही.

तोच दिवस, सहा वाजून गेल्यावर

राजेश्रीनं रोजच्यासारखा आईला फोन लावला. वाजला माझ्या बॅगेत.

तिनं कट केला नाही. वाजून वाजून थांबला. मग आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“ऑगस्टात तुमचं नाव मीच पुसलं होतं. लय चांगलं लिहिलं होतं तुमी. म्हणलं, वाचून चार जणी तरी आपापल्या आईला फोन लावतील, म्हणून ग्रुपवर पाठवलं. पण ग्रुपवर झरीच्या बायका हायत. तुमचं नाव बघितलं असतं, तर त्यांनी आईला ओळखलं असतं.”