अक्षता डिझेलवर चालते

३ मे, शनिवार
शुक्रवारी अक्षताची तोंडी परीक्षा. विषय इंजिन. मागच्या वेळी परीक्षकांसमोर नुसती गप्प बसून आली. आता राहिली तर डिप्लोमाचं वर्ष जाणार. मी लक्ष घालणार नाही. मुलगी एकोणीस वर्षांची आहे.

संध्याकाळी ७
तिचं पुस्तक सहज उघडलं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबतात, मग प्लग ठिणगी टाकतो. डिझेलला ठिणगी लागतच नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती तापते. त्यात इंजेक्टरने डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. सोपं आहे. कॉलेजात उगाच अवघड करतात.

४ मे, रविवार
सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरली आणि अक्षताला पंपाचं खालचं टोक धरायला लावलं. चांगलंच तापलं होतं. म्हणाली, मम्मी, हे मला माहितीये. मी म्हटलं, माहिती असणं वेगळं, कळणं वेगळं.
दुपारी भांडी घासताना उलगडा झाला. ही मुलगी डिझेल आहे. एकोणीस वर्षं मी नुसत्या ठिणग्या टाकत बसले. दाब कमी पडला.

५ मे, पहाटे ५
दाब सुरू. तिचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. भिंतीवर वेळापत्रक. प्रत्येक जेवणाला पाच प्रश्न. ह्यांना सांगितलं. म्हणाले, परीक्षा नक्की कोणाची आहे? मी प्रश्नांची यादी काढायला बसले.

६ मे
प्रगती आहे. बोलत नाही, पण चेहरा लाल. हवा तापतेय.

७ मे
पोळी वाढताना सहज विचारलं, इंजेक्टरचं काम काय. ताट सरकवून उठली. म्हणाली, मला सगळं येत असतं, तू विचारलंस की जातं. बॅग भरून धानोरीला मैत्रिणीकडे, कल्याणीकडे गेली. पेटलं, एवढं खरं. जरा लवकर पेटलं. उद्या येईल.

८ मे
आली नाही. फोन करायचा नाही असं ठरवलं. चारदा केला. चारही वेळा माझ्याच पर्समध्ये वाजला.

९ मे, दुपारी ३
मोबाइल न्यायला आली. परीक्षा चांगली झाली म्हणे. परीक्षकांनी विचारलं, पेट्रोल इंजिनाला डिझेलइतका दाब दिला तर काय होईल? हिने सांगितलं, ठिणगी पडायच्या आधीच पेटतं, इंजिन आतून ठोके मारतं, शेवटी पिस्टनला भोक पडतं. सर म्हणाले, इतकं नेमकं कोणी सांगत नाही.
मी विचारलं, कुठल्या पुस्तकात होतं? म्हणाली, घरी बघितलंय.
हे पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ पीत होते.
लेखी पेपर सोमवारी. तोपर्यंत कल्याणीकडेच राहणार. डबा भरून दिला. एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. ती जिना उतरायला लागल्यावर एकच विचारला, पोचलीस की फोन करशील ना?
बघते, म्हणाली.