सुधाकरभाऊंच्या पोत्याची गाठ

मंगरूळपीर, गुरुवार संध्याकाळ

लोकसभेचा निकाल लागला. दिल्लीत पुन्हा तेच सरकार, इथंही त्यांचाच माणूस. आमच्या दुकानातला गुलाल दुपारीच संपला. पण माझ्या डोक्यात घोळतेय ती सुधाकरभाऊंच्या पोत्याची गाठ.

भाऊ विरोधी पक्षाचे. दर निवडणुकीत निकालाच्या आदल्या दिवशी गुलालाचं पोतं नेतात आणि पक्ष हरला की तसंच परत आणतात. न उघडलेलं पोतं परत घ्यायचं, हा अब्बांपासूनचा रिवाज. आज पोतं आलं, पण गाठ माझी नव्हती. मी नेहमी दुहेरी मारते. आत मूठभर कमी असेल, जास्त नाही.

"कोणाले लावला?" मी विचारलं.

"कोणालेच नाही, भाभी. आपल्या गल्लीच्या बूथवर आमी पुढं होतो. मंग जिथं मतदान झालं त्या शाळेच्या उंबऱ्यावर टाकून आलो."

मी पोतं ठेवून घेतलं, वर माझी दुहेरी गाठ मारली.

पण गल्लीत तर जो तो सांगत होता की आम्ही मत सरकारलाच दिलं. मग ही मतं कोणाची?

एक माझं होतं. बाकीची कोणाची?