झेंड्याची उरलेली शिवण

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय मासोळी,

सकाळी सहाला उठले. पाणी भरलं, कपडे धुऊन दोरीवर टाकले. दुपारी आडवी झाले, पण डोळा लागला नाही. दोनदा बेल वाजली. एकदा इस्त्रीवाला होता, एकदा समोरच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. दोन्ही वेळा दार उघडण्याआधी मी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघितलं. आता पाच वाजलेत आणि मी तुला लिहायला बसले आहे.

मासोळी हे बाबांनी तुला ठेवलेलं नाव. मी तुला त्या नावाने कधी हाक मारली नाही, आज मारावीशी वाटली. रोज फोन होत असताना आईला पत्र कसलं सुचलं, असं तुला वाटेल. गेल्या आठवड्यात तीनदा ठरवून फोन लावला आणि तीनही वेळा 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की माझा जातो. कागद मध्येच काही विचारत नाही.

बाबा बुडी मारायला उतरताना लावायचे तो झेंडा तुला आठवतो ना? नववीत असताना तूच शिवला होतास. बाजारातले वाऱ्याने चार महिन्यांत फाटायचे, म्हणून तू जाड लाल कापड आणलंस आणि वर पांढरा तिरका पट्टा लावलास. पट्टा जरा वेडावाकडाच गेला होता. बाबा म्हणाले होते, "आमचा पट्टा जरा पिऊन आलेला दिसतोय." तू रुसलीस, तर सहा वर्षं त्यांनी दुसरा झेंडा लावला नाही. धक्क्यावर कोणी हसलं तर म्हणायचे, "हसा, पण लांबून हसा. झेंडा त्यासाठीच असतो."

त्या झेंड्याचा नियम त्यांनी आपल्या दोघींना किती वेळा ऐकवला असेल. पाण्यावर तरंगणाऱ्या नारंगी बोयावर काठी, काठीला झेंडा, म्हणजे खाली माणूस आहे. मग होडीवाल्याने लांबून जायचं आणि वेग कमी करायचा. झेंडा दिसत असताना होडी जवळ आली तर दोष होडीवाल्याचा. झेंडाच नसेल तर दोष बुडी मारणाऱ्याचा. "झेंडा नाही तर कायद्याच्या लेखी मी खाली नाहीच," असं ते म्हणायचे. बाबांबरोबर बुडी मारणारे जोडीदार काका एकदा झेंडा विसरले तर बाबांनी त्यांना अर्ध्या वाटेवरून घरी पाठवलं होतं. काका मला म्हणाले होते, "वहिनी, याने तुमचे नाही एवढे लाड झेंड्याचे केलेत." मी हसले होते, कारण ते खोटं नव्हतं.

म्हणून मार्चमधल्या त्या दिवशी झेंडा नव्हता असं होडीवाला म्हणाला, तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. बाबा धक्क्याच्या खांबांना चिकटलेले शिंपले काढायला उतरले होते. वर येताना होडीचा पंखा लागला आणि ते गेले. बोया सापडला, मोडलेली काठी सापडली. झेंडा पंख्यात अडकून फाटून गेला असणार, असं सगळ्यांनी धरलं. काकांनी जबाब दिला की झेंडा होता, त्यांनी पाहिला. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. वर स्वतःचा हवेचा सिलिंडर बदलता बदलता त्यांनी नारंगी बोया पाहिला असेल. बाबांच्या बोयावर झेंडा असणारच, हे आपण डोळे मिटूनही सांगितलं असतं. होडीवाला मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगतो आहे. बोया दिसला, काठी दिसली, जाळ्याची खूण वाटली. तू फोनवर म्हणालीस, "गोष्ट बरी रचलीय त्याने. आई, याला सोडायचं नाही."

गेल्या तारखेला तू परीक्षेमुळे आली नव्हतीस. कोर्टाच्या बाहेर एकच बाकडं होतं आणि त्यावर तो होडीवाला बसला होता, शेजारी त्याचे वडील पाण्याची बाटली मांडीवर धरून. मला बघून तो उठला. "काकू, बसा." आणि मी बसले. नको म्हणायला हवं होतं की आभार मानायला हवे होते, अजून कळत नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सतरा वर्षं होडी चालवतो, काकू. झेंडा असता तर इंजिनच बंद केलं असतं." त्याच्या वकिलाने त्याला हाताला धरून ओढलं. "कोणाशी काय बोलतोयस, गप्प बस." त्याच्या वडिलांनी बाटलीचं झाकण उघडून पाणी माझ्यापुढे केलं. मी प्यायले. अर्धं पाणी साडीवर सांडलं. त्यांना वाटलं मी रडते आहे.

मी रडत नव्हते. मला भीती वाटत होती. ती मार्चपासून वाटते आहे. सामान न्यायला पोलीस घरी आला होता, तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी बाबांचे पायात घालायचे पंख दिले, पाण्यातला मुखवटा दिला, जुना सूट दिला. त्याने टोपी काढून शिलाई मशीनच्या झाकणावर ठेवली आणि विचारलं, "आणखी काही?" मी नाही म्हणाले. मग त्याने विचारलं की त्या सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी तुम्हाला फोन का केला होता. मी म्हणाले, रोज पोचल्यावर करायचे. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. बाबा पोचल्यावर कधीच फोन करत नसत, हे तुला माहीत होतं. आईचं डोकं ठिकाणावर नाही, असं तुला वाटलं असेल. त्या वेळी ते अगदी ठिकाणावर होतं.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी मी झेंडा काठीवरून सोडवला होता. तुझा पट्टा एका बाजूने उसवला होता. बाबा म्हणाले, "राहू दे, महिनाभर काही होत नाही." मी म्हटलं, तुम्ही उठायच्या आत शिवून ठेवते. निम्मी शिवण झाली आणि डोळे मिटायला लागले, म्हणून उरलेली पहाटे घालू असं ठरवून झेंडा मशीनवरच ठेवला. काठी मात्र सवयीने तिच्या पिशवीत घालून पिशवीची नाडी बांधली. पहाटे मला जाग आली नाही. बाबा नेहमीसारखे न उठवता गेले. निघताना ते पिशव्या उघडत नसत, वरून चाचपून मोजत, हे तुला माहीत आहे. काठी हाताला लागली असेल. धक्क्यावर नाडी सोडली तेव्हा कळलं असेल. मग त्यांनी मला एक फोन केला. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. त्यांनी दुसऱ्यांदा केला नाही. मी झोपले असेन, वीस मिनिटांचं तर काम आहे, असं म्हणून नुसती काठी लावून ते उतरले असतील. जन्मभर इतरांना ज्यासाठी परत पाठवलं, ते त्यांनी स्वतः केलं. तुला हेच सांगायची मला पोलिसापेक्षा जास्त भीती वाटते.

झेंडा मशीनच्या झाकणाखाली आहे. सुई अजून त्यातच आहे, दोरा लोंबतो आहे. उरलेली शिवण मी घातली नाही आणि आता घालणारही नाही. शुक्रवारी अकरा वाजता माझी साक्ष आहे. मी तो घेऊन जाणार आहे. पोलिसाला खोटं सांगितलं म्हणून मला काय होईल, मला ठाऊक नाही. ऑफिसातल्या वकीलबाईंना 'माझी एक मैत्रीण' म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मैत्रिणीला सांगा, जेवढा उशीर तेवढं वाईट." हे पत्र तुला बुधवारी मिळेल. तू शुक्रवारी माझ्या शेजारी बसायला येणार होतीस, म्हणून आधी लिहिलं. कोर्टात सगळ्यांच्या देखत तुला हे कळू नये. हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी एकटी जाईन. बाबांवर मात्र रागावू नकोस. रागवायचंच असेल तर त्यासाठी मी आहे. आता दोरीवरचे कपडे काढते, पाकीट टपालपेटीत टाकून येते आणि फोन चार्जिंगला लावते. हल्ली तो उशाशी असतो, आवाज पूर्ण मोठा करून.

तुझीच,
आई