गुराबेचा खरा रंग

श्रावण वद्य ५, शके १८४६. बीड.
गुराबेचं मॉडेल पुरं झालं. मराठी आरमारातली लढाऊ गुराब, सागवानी, दोन डोलकाठ्यांची. आता फक्त रंग राहिला. यंदा महालक्ष्म्यांपुढच्या आराशीत तीच मांडायची. गेल्या वर्षी शेजारच्या सुंदररावांचं जहाज पाहायला साऱ्या गल्लीतल्या बायका लोटल्या होत्या. आमची सत्यभामाही गेली होती. येऊन म्हणाली, "लई ग्वाड दिसतंय." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच वस्तूला ती गोड म्हणालेली नाही. मत्सराने लिहीत नाही. नोंद असावी.

वद्य ८.
सुंदररावांचं जहाज पुन्हा पाहून आलो, अभ्यास म्हणून. निळं अंग, पिवळा पट्टा. असला पट्टा इंग्रजी जहाजांना. आधार काय, असं विचारलं. म्हणाले, "गेल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरला व्हता, वकीलसाहेब. वाया कावून घालवायचा?" मी इतिहास सांगू लागलो, तर त्यांनी चहा मागवला. चहा उत्तम होता. त्याचाही मला राग आला. हे बरोबर नाही.

वद्य ११.
कॉलेजात उतरवून घेतलेलं एक टिपण सापडलं. कुणा इंग्रज प्रवाशाने गुराबी 'काळसर' होत्या असं लिहिलंय. काळसर म्हणजे रंगवून काळ्या, की जुन्या तेलाने काळवंडलेल्या? त्याने पाहिल्या त्या उजेडात की तिन्हीसांजेला? कोर्टात असली साक्ष मी टिकू दिली नसती. सकाळी काळा रंग दिला. दुपारी मन खाऊ लागलं. खरवडला.

पोळा.
निर्णय झाला. रंग नाहीच. वर जवसाचं तेल आणि राळ, पाण्याखालच्या अंगाला चुना. हेच खरं. सत्यभामेला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग रंग कवा देणार?"
संध्याकाळी सुंदररावांचे बैल वाजतगाजत गेले. शिंगं निळी-पिवळी. लोक थांबून पाहत होते. बैलांविषयी माझी तक्रार नाही.

भाद्रपद शुद्ध २.
आनंदाची बातमी. यंदा पाळी थोरल्या भावाची, म्हणून सुंदररावांच्या महालक्ष्म्या वडवणीला बसणार. सगळं घर आज निघालं. बैलगाडीत डोलकाठ्या मोडतील म्हणून जहाज बरोबर नेलं नाही. म्हणजे यंदा गल्लीत आरास माझीच, आणि तीही खरी. दुसऱ्याच्या गैरहजेरीचा आनंद मानावा का? विचार केला. मानू नये. तरी झाला.
आता घाई नको. तेलाचा आणखी एक हात देतो.

शुद्ध ५.
पाऊस. तेल वाळत नाही. आणखी एक हात दिला, खालच्याला धरून ठेवील. सत्यभामेने बोट लावून पाहिलं. ठसा राहिला.

शुद्ध ७. महालक्ष्म्या आल्या.
गुराबेला माश्या चिकटल्या आहेत. चिमट्याने काढतो आहे. उद्यापर्यंत वाळेल. वाळायलाच पाहिजे.

शुद्ध ८. पूजा.
वाळली नाही. तशीच मांडू म्हणून दोन्ही हातांवर तोलून पुढच्या खोलीत नेली. तिथे महालक्ष्म्यांपुढे सुंदररावांचं जहाज. निळं. पट्ट्यासकट.
सत्यभामेने ते सुंदररावांच्या बायकोकडून, केशरबाईंकडून, त्या वडवणीला निघायच्या आधीच, मागून घेतलं होतं. म्हणाली, "तुमचं व्हईस्तोवर लक्ष्म्या घरी जातील, अवं."
गुराब मागच्या पडवीत ठेवली. हात चिकट होते ते धुतले, तरी चिकटच.
हळदीकुंकवाला बायका आल्या. बाकीच्या गेल्या, तरी यंदाच गल्लीत राहायला आलेली कडूबाई जहाजापुढून हलेचना. म्हणाली, "वकिलीनबाई, ह्ये वकीलसाहेबांनी केलं? हात लई चांगला हाय की त्यांचा."
सत्यभामेने माझ्याकडे पाहिलं. मग महालक्ष्म्यांचा पदर सारखा करत म्हणाली, "तर. त्यांचंच हाय."
दुरुस्ती करणं माझं कर्तव्य होतं. मी पुढे झालो, घसा साफ केला, आणि म्हणालो, "पट्टा जरा जाड झाला."