सलग आठ दिवसांचा पास

२ एप्रिल, सकाळी ७.१०
निश्चय : जुलैच्या सहलीचे पास याच आठवड्यात ठरवायचे. मुलगी रेगुला, जावई डंकन आणि नात टिल्डा कॅनडातून, हॅलिफॅक्सहून येणार. चार वर्षांनी. पाचही जणांनी आठ दिवस देश फिरायचा. अडतीस वर्षं ओल्टेन स्टेशनच्या तिकीट खिडकीवर काढलेल्या माणसाला या कामाला एक संध्याकाळ पुरे. बायकोकडे, एल्सबेथकडे, अर्ध्या भाड्याचं कार्ड आहे. माझ्या खिशात देशभर चालणारा वार्षिक पास. प्रश्न फक्त त्या तिघांचा.

९ एप्रिल
संध्याकाळ पुरली नाही. सलग आठ दिवसांचा घ्यावा, की महिन्यातले कुठलेही आठ दिवस निवडता येतात तो? जेवणाच्या टेबलावर दोन्ही पासांचा तक्ता पसरलाय, त्यामुळे आम्ही ओट्याशी उभ्यानं जेवतो. एल्सबेथ म्हणाली, "पोरीला विचार ना, तिला कुठं जायचंय." बायकोला या धंद्यातलं काय कळणार. कुठं जायचंय हे प्रवाशाला सर्वांत शेवटी कळतं.

१७ एप्रिल, सकाळी ८
रेगुलाचा फोन. तिकडे पहाटेचे तीन. लवकर उठायची शिस्त माझीच उचललीय. म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय." म्हटलं, सांग, पण आधी माझं ऐक. दोन्ही पासांतला फरक समजावून दिला. चाळीस मिनिटं. शेवटी म्हणाली, "राहू दे, पुन्हा करते."
निश्चय : फोनवर कमी बोलायचं.

२३ एप्रिल, गुरुवार
एल्सबेथ थूनला, पार बर्नच्याही पुढं. मार्चपासून दर गुरुवारी जाते. गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग. ओल्टेनमध्ये काय कुणाला गुडघे नाहीत? तर म्हणे तिथल्या बाईंच्या हाताला गुण आहे. त्या बाईंसाठी सफरचंदाचा अख्खा टार्ट भाजून नेला. मला कालचे बटाटे. दारातून म्हणाली, "चल की तूही." तक्ता अर्धा टाकून कसा जाणार?

५ मे
टिल्डा फोनवर होती. नऊ वर्षांची पोर, काय अस्खलित बोलते आपली भाषा. मी दर रविवारी शिकवतो त्याचं फळ. मात्र हेल बर्नकडचा, लांबलचक. कुठून लागला कोण जाणे. टीव्ही, दुसरं काय. सांगत होती, शाळेच्या बाई पोहायला तळ्यावर नेतात, कडेला डोंगर आहेत. मध्येच रेगुलानं फोन काढून घेतला. हॅलिफॅक्सजवळ डोंगर आहेत हे मला नवीन. नकाशा बघितला पाहिजे.

१९ मे
लागला निकाल. सलग आठ दिवस. नकाशा बघायचा राहिला.
माझ्याच जुन्या खिडकीवर गेलो. आता तिथं नादिन नावाची पोरगी बसते. म्हटलं, परीक्षा घेऊ. विचारलं, माझ्या मुलीकडे इथलाच पासपोर्ट आहे, मग तिला पाहुण्यांचा पास मिळेल का? म्हणाली, "पासपोर्टाचा संबंध नाही. त्या राहतात कुठं, एवढंच बघायचं. देशाबाहेर राहत असतील तरच मिळेल." पैकीच्या पैकी. तिला सांगितलं, अडतीस वर्षं समोर कुणीही आलं तरी माझा पहिला प्रश्न तोच : राहायला कुठं?
रेगुला आणि डंकन यांच्या नावाचे दोन पास घेतले. टिल्डा आईबापांबरोबर फुकट.
घरी आल्यावर एल्सबेथला दाखवले. म्हणाली, "एर्विन, तू तिच्याशी बोललास का?" म्हटलं, चाळीस मिनिटं.

२ जून
सकाळी साडेसातला पुन्हा रेगुला. म्हणाली, डंकनच्या पासाची घाई करू नका. म्हटलं, घेतलासुद्धा. मग तिनं विचारलं, "माझ्या लग्नात तुम्ही भाषणात काय म्हणाला होता, आठवतं?" न आठवायला काय झालं? 'आमच्या घरात कुणी मधल्या स्टेशनावर उतरत नाही.' अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या. हौसेनं पुन्हा म्हणून दाखवलं. फोन कट. तिकडचं नेटवर्क भिकार.
एल्सबेथ धुतलेलंच पातेलं पुन्हा धूत होती. डोळे लाल. कांदा चिरला असेल म्हणावं, तर जेवणात कांदा नव्हता.
मलाही दिवसभर पोटात कसंसंच होतंय. काल चीज जास्त झालं.

२८ जून
रेगुलानं कळवलं : विमानतळावर येऊ नका, ओल्टेनच्या फलाटावरच भेटू. शहाणी आहे, माझी खेप वाचवली. पाच जणांच्या जागा एकत्र राखून ठेवल्या. डंकनला खिडकी.
झोप नीट लागत नाही. उत्साह, दुसरं काय.

६ जुलै, सोमवार, सकाळी १०.२०, फलाटावरचा बाक
विमानतळाकडची गाडी वेळेवर आली. त्यातून ती उतरलीच नाहीत. पलीकडे बर्नकडून येणारी गाडी लागली आणि तिच्यातून टिल्डा धावत आली. मागून रेगुला. एक पाठपिशवी. डंकन नाही.
मी म्हटलं, अगं, चुकीच्या गाडीतून आलीस.
म्हणाली, "बाबा, आम्ही थूनला राहतो. मार्चपासून. मी आणि डंकन वेगळे झालो. तो तिकडेच आहे."
माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे हे पास चालणार नाहीत."
एल्सबेथनं डोळे मिटून घेतले. रेगुला आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. मी बाकावर बसून हे लिहितोय. टिल्डा विचारतेय, आजोबा काय लिहिताय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६, परतीच्या गाडीत
सहल थूनपर्यंतच झाली. दोन खोल्या, तिसरा मजला. न्हाणीघरात स्टुलावर उभं राहिलं की खिडकीतून तळं दिसतं. टिल्डानं मला उभं करून दाखवलं. फडताळात आमची टार्टची ताटली.
रेगुलाला विचारलं, मला सांगायचा प्रयत्न किती वेळा केलास? "नऊ," म्हणाली. माझ्या वहीत दोनच आहेत.
लग्नातलं ते वाक्य मी मागे घेतो, असंही म्हणालो. ती भांडी विसळत होती. तिनं ऐकलं का, कळलं नाही. पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही. लाज वाटते. चीजचा काही संबंध नव्हता.
एल्सबेथला म्हटलं, येत्या गुरुवारी मीपण येईन. ती म्हणाली, "आधी तिला विचारते."
आत्ता तिकीट तपासनीस येऊन गेला. मी माझा वार्षिक पास दाखवला. त्यानं बघितला आणि परत दिला. हा पास थूनला मार्चपासून रोज चालत होता.