आधी उजवी बाही

आबा, माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लिहिता येतं, कारण कोपर टेबलावर टेकवून ठेवता येतं. पण फळीवरचा चष्मा काढायचा तर मुलीला हाक मारावी लागते. चैत्रापासून हे चाललंय. घरच्यांना सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं, साहेबांना अर्जातून कळवून झालं. तरी काहीतरी सांगायचं राहिलंय असं रोज वाटतं. ते ज्यांना सांगायचं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली.

त्या दिवशी मी दवाखाना उघडण्याआधीच फोन आला. मी सध्या धरणगाव तालुक्यातच आहे, आपल्या जुन्या गुरांच्या दवाखान्यापासून दोन गावं पुढे. जळगावहून रोज जाऊन-येऊन करते. फोन मळ्यात राहणाऱ्या एका अक्कांचा होता. त्यांची म्हैस पहाटेपासून अडली होती. जाऊन बघते तर पारडाचे पुढचे दोन्ही पाय बाहेर आलेले आणि डोक्याचा पत्ता नाही. मान मागे वळलेली. मी लांब हातमोजा चढवला, साबण लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. दोनदा नाक बोटांना लागलं आणि निसटलं. तिसऱ्यांदा तळवा नाकावर नीट बसला, मी मान वळवायला लागले आणि तेवढ्यात म्हशीने कळ दिली. मी हात ढिला सोडायला हवा होता. सोडला नाही. आता सापडलंय ते पुन्हा निसटेल या भीतीने मी उलट जोर लावला, आणि खांद्यात काहीतरी तुटलं. आवाज खरंच आला की नाही ते सांगता येणार नाही, पण मला तो ऐकू आला. हात कसा बाहेर काढला आठवत नाही. गव्हाणीला टेकून खाली बसले होते आणि हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता. अक्का म्हैस सोडून माझ्याकडे बघत होत्या. “मॅडम, तुमना हात जागावर शे ना?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मी डाव्या हाताने फोन काढला.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी होते, यायला तास लागणार होता. तासाभरात पारडू गेलं असतं, म्हैसही गेली असती. डाव्या हाताने करून पाहिलं, पण डाव्या हाताला काहीच कळत नव्हतं. मग मी अक्कांच्या सुनेकडे पाहिलं. बारीक मनगटाची पोरगी, पंचविशीची असेल. तिला म्हटलं, बांगड्या काढ. ती घाबरून सासूकडे बघायला लागली. सासूने मान हलवली. मी गव्हाणीपाशी बसून, एका हाताने दुसरा हात धरून तिला सांगत होते, आणि ती गाल म्हशीच्या पाठीला लावून आत चाचपत होती. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, “मॅडम, डोया हाती लागना.” मी म्हटलं, डोळ्यावरून खाली ये, नाकापर्यंत, नाकावर तळवा ठेव. आणि नंतर जे म्हटलं ते माझं नव्हतं, आबा. ते तुमचं होतं. म्हैस कळ देईल तेव्हा हात ढिला सोड, तिच्या जोराशी भांडू नको. त्या पोरीने ते ऐकलं. मी ऐकलं नव्हतं. पारडू जिवंत निघालं. नर होतं, दुधाच्या घरात कुणाला नको असलेलं, पण त्यावर अक्का अवाक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा हात माझ्याच ओढणीत बांधून गळ्यात अडकवून दिला आणि मुलाला सांगून मला मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत पोचवलं. खड्ड्याखड्ड्याला मी ओरडायचं टाळत होते.

तुमच्याकडून मी हे शिकले ते आपल्या पहिल्या वर्षी. सरकारी कागदावर तुम्ही पट्टीबंधक आणि मी डॉक्टर. पण अडलेली म्हैस मी कॉलेजात दोनदाच पाहिली होती, आणि तीही पाच जणांच्या मागे उभी राहून. पहिल्याच प्रसंगी मी अशीच ओढत बसले होते. तुम्ही माझ्या दंडाला धरून थांबवलंत, सगळ्यांदेखत. “जवय ती कळ देस, तवय हात ढिला सोडा, मॅडम. तिना जोरसंगे भांडानं नही.” मला त्याचा राग आला होता. परतताना मी तुमच्याशी बोलले नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्ही धुळ्याच्या बाजारातून माझ्यासाठी गमबूट घेऊन आलात, पाच नंबरचे. सरकारी गमबूट नऊ नंबरचे होते, मी त्यात पाय फरफटत चालायचे, ते तुम्ही बघितलं होतं. किती झाले विचारलं तर म्हणालात, भाच्याचं दुकान आहे. भाचा खरंच होता की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर यांनी आधी हृदयाचं काढलं. उजवा खांदा आहे, म्हैस काढताना झालंय, हे सांगूनही ऐकेनात. त्यांच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचं असंच खांद्यातून सुरू झालं होतं म्हणे. जळगावात ईसीजी काढला, ठीक निघाला. मग एक्स-रे, तोही ठीक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात झोळीत अडकवायला सांगितला आणि आठ-पंधरा दिवसांत फरक पडेल म्हणाले. नाही पडला. आडवं झालं की खांद्यात कुणी खिळा फिरवतंय असं व्हायचं, म्हणून मी खुर्चीत, उशीला रेलून झोपायला लागले. झोप कसली. दुखणं सोसता येतं, आबा, पण त्याच्या मागून येणारे विचार सोसवत नाहीत. हाडात गाठ असेल तर? हात असाच राहिला तर? गुरांच्या डॉक्टरला हात नसेल तर उरतं काय? साहेबांनी तालुक्याच्या कचेरीत बसवलं, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर संगणकावर भरायला. तेही डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत. सगळे सांभाळून घेत होते, आणि त्या सांभाळण्याचीच मला धास्ती वाटायची. म्हाताऱ्या बैलाशी लोक असेच गोड बोलतात.

मुलगी माझी वेणी घालायला लागली. कुर्ता चढवायचा तर मला रडू यायचं. शेवटी तिने फोनवर बघून शिकवलं: दुखऱ्या हाताची बाही आधी, मग डोकं, मग चांगला हात. काढताना उलटं. पहिल्यांदा जमलं त्या सकाळी मी आरशासमोर उभी होते, आणि मला एकदम पाऊस दिसला. आपल्या दवाखान्याचा व्हरांडा, पन्हाळीतून पडणारं पाणी, आणि तुम्ही रेनकोट चढवताय. आधी उजवी बाही, डाव्या हाताने ओढून ओढून खांद्यापर्यंत. मग भिंतीला पाठ टेकवून डावा हात. मी फटफटीजवळ ताटकळत उभी, मनात म्हणतेय, किती वेळ लावतात हे. मग एकेक दिसत गेलं. औषधांच्या वरच्या फळीसाठी तुम्ही स्टूल घ्यायचात. मला ती फळी उभ्याउभ्या हाताला लागायची आणि तुम्ही माझ्याहून वीतभर उंच. कपाटाची वरची कडी तुम्ही कधी लावत नव्हतात. सकाळी माझ्या आधी अर्धा तास येऊन सगळी बाटल्या-भांडी काढून ठेवायचात. मी सगळ्यांना सांगायचे, आबा फार वक्तशीर.

आणि तो बैल. तुम्हाला आठवत असेलच. पारोळ्याच्या रस्त्यावरच्या त्या वस्तीवर, खूर चिरलेला बैल पाडायचा होता. दोर तुमच्या हातात. बैल अर्धा खाली आला आणि तुमच्या हातून दोर सुटला. बैल उठला, मी चिखलात पडले, भोवतीची माणसं हसली. मला लागलं नव्हतं. मला फक्त हसणं ऐकू आलं होतं. मी उठले आणि त्या सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, “आबा, काम होत नसेल तर घरी बसा.” माझं वय तेव्हा अठ्ठावीस, तुमची नोकरी तीन वर्षं उरलेली. तुम्ही म्हणालात, “बरं, मॅडम.” दोर गुंडाळलात. डाव्या हाताने. त्यानंतर त्यावर आपण कधी बोललो नाही. तुम्ही रिटायर झालात, माझी बदली रावेरला झाली, आणि तुम्ही काविळीने गेल्याचं मला आठवड्यानंतर कळलं.

जळगावच्या गोळ्यांनी काही होईना तेव्हा धुळ्याच्या माझ्या बहिणीने तिथल्या खांद्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माझ्याहून तरुण माणूस. त्याने माझा हात बाजूने वर नेला आणि म्हणाला, मी सोडतो, तुम्ही तिथेच धरून ठेवा. त्याने सोडला आणि हात खाली पडला. मी धरला नव्हता असं नाही. मी जीव लावून धरला होता. एमआरआयच्या त्या नळीत पडल्यापडल्या मी गायीच्या खांद्याचे स्नायू घोकत होते, परीक्षेला बसल्यासारखी. गाई-म्हशींना गळ्याचं हाड नसतं, त्यांचा खांदा नुसत्या मांसावर टांगलेला असतो, आणि तरी त्या जन्मभर ओझं ओढतात. रिपोर्ट हातात आल्यावर मी डॉक्टरांच्या आधी वाचला. शब्द सगळे ओळखीचे होते, तरी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. गाठ नव्हती. हात उचलणाऱ्या स्नायूची कंडरा हाडाजवळ अर्धीअधिक फाटली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखत होतं? मी म्हैस सांगितली. ते म्हणाले, “हे एका दिवसात फाटलेलं नाही. त्याआधी?” शेजारी बसलेल्या यांच्या देखत मला खरं सांगावं लागलं. वर्षभर दुखत होतं. सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतं, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते.

तपासणी झाल्यावर मी बहिणीला म्हटलं, मला देवपुरात एका घरी जायचंय. तुमच्या मुलाचा पत्ता मी आधीच मिळवला होता. तो पंपाच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देतो, घरातच पुढे दुकान आहे. रिक्षात बसल्यावर एकच डोक्यात होतं. तुम्ही बैलाचं घरी सांगितलं असेल तर? आणि त्याने दारातच ‘अठे कसाले उनी,’ इथे कशाला आलीस, असं विचारलं तर? पण त्याने मला ओळखलं आणि हातातला पाना ठेवून आत घेऊन गेला. सुनेने चहा केला. माझा झोळीतला हात बघून तो म्हणाला, बाबांचंही असंच होतं. नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षं हात वर जायचाच नाही, आई शर्ट घालून द्यायची. घरचे दवाखान्यात चला म्हणायचे तर एकच उत्तर असायचं. त्याने तुमच्याच आवाजात ते म्हणून दाखवलं: “मी रजावर गऊ तर मॅडम एकल्या पडी जातीन.”

मी कप खाली ठेवला. ते तुम्ही माझ्या काळजीने म्हणत होतात, की माझ्या भीतीने? हे मी तेव्हापासून रोज ठरवू पाहतेय आणि ठरत नाही. मुलगा ते कौतुकाने सांगत होता. सुनेने विचारलं, ते कामाला कसे होते? मला वाटलं होतं, मी याच प्रश्नासाठी आले आहे. सांगायचं सगळं तयार होतं. मी म्हटलं, “चांगले होते. मला शिकवलं त्यांनी.” ते दोघंही इतके खूश झाले की सून आतून शेवेचा लाडू घेऊन आली. मुलगा म्हणाला, बाबा तुमचं नाव फार काढायचे.

ऑपरेशन तूर्त टळलंय. रोज भिंतीवर बोटं चढवते, काठी धरून हात मागे नेते, दाराला अडकवलेली दोरी ओढते. परवा हात कानापर्यंत गेला. डॉक्टर म्हणतात, घाई करू नका, अजून तीन महिन्यांनी बघू. अडलेल्या म्हशींना मात्र वर्षभर हात लावायचा नाही. वर्षानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रात्री अंग टाकताना अजून भीती वाटते, की सकाळी हात पुन्हा पहिल्या दिवसासारखा असेल.

हे कागद घडी करून देवपूरच्या पत्त्यावर टाकता आले असते. तुमचा मुलगा वाचेल, सुनेला वाचून दाखवेल. मी पाकीटही आणलं होतं. पण टाकणार नाही, आबा. तुम्ही बैलाचं घरी कधी सांगितलं नाही, हे मला आता कळलंय. तुमच्या घरात मी अजून चांगली बाई आहे, आणि मला तशीच राहायचंय.