तिसरं बोट येईपर्यंत

अणदूर,
कार्तिक महिना (तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरून बघ, त्यांनी तो नीट मारला असला तर)

चिरंजीव मल्हार यास अप्पांचा पोटभर आशीर्वाद.

इकडे माझं बरं चाललं आहे. तुझी तब्येत कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, बेंगळुरातलं सांबार गोड लागतं अशी तुझी तक्रार होती ती अजून आहे की जिभेनं हार मानली, ते सगळं कळव. माझा गुडघा आहे तसाच आहे आणि बीपी गोळीच्या धाकात आहे. आता तू म्हणशील, घरात लॅपटॉप, खिशात मोबाइल, आणि अप्पा पत्र कशाला लिहीत बसलेत. तर बाबा, तू फोन उचलत नाहीस. खंडेनवमीपासून ‘कामात आहे, नंतर बोलतो’ एवढंच पाठवतोस, आणि ते नंतर काही येत नाही. दिवाळीलाही आला नाहीस. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. (फाडता येतं, पण काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय कुणी फाडत नाही.)

पहिली गोष्ट तक्रारीची. तू आईसाठी ठेवून गेलेला लॅपटॉप मला अजिबात दाद देत नाही. तुमच्या ऑफिसात त्या खालच्या काळ्या चौकोनावर, म्हणजे टचपॅडवर, बोटं ओळखायचं सॉफ्टवेअर तयार होतं असं मी गावभर सांगितलं आहे, आणि त्याला माझीच बोटं ओळखू येत नाहीत ही काही चांगली गोष्ट नव्हे. तू आईच्या खाटेशी बसून तिला ते समजावत होतास तेव्हा मी दारात उभा राहून सगळं ऐकलं होतं. त्या चौकोनाखाली बारीक जाळी असते, बोट टेकलं की तेवढ्या जागेवरची वीज जराशी हलते, आणि त्यावरून सॉफ्टवेअर बोटं मोजतं आणि कुठलं बोट कुठं निघालं त्यावर नजर ठेवतं. एक बोट सरकलं तर बाण हलवायचा. दोन बरोबरीनं सरकली तर पान वरखाली करायचं. दोन एकमेकांपासून लांब गेली तर चित्र मोठं करायचं. तीन बोटं एका दिशेला निघाली तर ते काम निराळंच. आणि अख्खा तळहात पडला तर त्याला मोजायचंच नाही. मला तेव्हाच वाटलं होतं की हा आमच्याच खात्यातला आहे. मी एसटीत कंडक्टर म्हणून जन्मभर दुसरं काय केलं? डोकी मोजायची, मांडीवरचं पोर सोडून द्यायचं, एका शालीत दोघं बसलेत का ते शाल उचलून बघायचं, आणि कोण कुठं उतरणार ते चेहऱ्यावरून ताडायचं. फरक इतकाच की मला शंका आली की मी विचारायचो. हा विचारत नाही, मनानंच ठरवतो आणि घंटी मारतो.

त्यामुळं काय काय झालं ते ऐक. बलभीम (आमच्या गाडीचा ड्रायव्हर, तू लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून खंडोबाच्या जत्रेला जायचास तो) नातवाच्या लग्नाचे फोटो बघायला आला. मी दोन बोटांनी फोटो पुढं सरकवायला गेलो. बोटं जरा फाकली असतील, तर नवरदेव एकदम इतका मोठा झाला की पडद्यावर फक्त नाकपुडी राहिली. लहान करायला गेलो तर भटजी आडवे निघून गेले. मग मी वैतागून चारी बोटं आपटली, तर लग्नच गायब आणि पडद्यावर निळं आकाश. बलभीम म्हणाला, “आरं शिवशरण, ह्येला बिरेक कुठाय?” त्याची बायको तेव्हापासून विचारते आहे की फोटो पुसले तर नाहीत ना. पुसले नाहीत. पण सापडतही नाहीत.

तसाच एकदा आईचा फोटो मोठा झाला. तुळजापूरला काढलेला, हिरव्या लुगड्यातला. मला फक्त कोपऱ्यातली पिशवी बघायची होती (ती हरवली आहे, तिच्यात माझा मफलर होता), आणि बोटं घसरून पडदाभर तिचा उजवा हातच आला. बांगड्या, करंगळीवरचा चुलीच्या चटक्याचा डाग, सगळं. मी तो लहान करायचा प्रयत्न केला नाही. चहा गार होईपर्यंत तसाच बसलो. मला तिची फार आठवण येते, मल्हार. हे तुला फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर मी साखरेचा रिपोर्ट सांगतो आणि तू तिथला पाऊस सांगतोस.

तो हात अंगावरून वारं गेल्यावर कसा झाला होता ते तुला माहीतच आहे. पहिली दोन बोटं यायची आणि तिसरं मागं रेंगाळायचं. तुला फोन लावणं तिला सोपं जावं म्हणून तू म्हणालास, आईला जन्मभर तीन बोटांचं एकच काम येतं, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढायचं, तर तेच ठेवू. तीन बोटं डावीकडून उजवीकडं ओढली की तुला कॉल. पण ती ओढायला लागली की यंत्र दोनच बोटं मोजायचं आणि पान वरखाली करत बसायचं. तिसरं येईपर्यंत ह्याची घंटी मारून झालेली. मग तू तुझ्या रजेत रात्रंदिवस खटपट करून त्याला थांबायला शिकवलंस. दोन बोटं टेकली तरी निघायचं नाही, तिसऱ्याची वाट बघायची, आणि हात कितीही हळू सरकला तरी पट्टा ओढलाच असं धरायचं. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी ती खोलीतून ओरडली, “आवो, पोराला इबूत लावली म्या!” त्यानंतर रोज सकाळी पूजा झाली की आधी स्वतःला, मग तुला. तू ऑफिसच्या बसमध्ये असायचास आणि शेजारच्यांना लाजून हळू आवाजात बोलायचास. मला सगळं ऐकू येत होतं.

आता खंडेनवमीचं सांगतो, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हा कागद काढला. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांना विभूती लागते. विळा झाला, कुऱ्हाड झाली, माझा तिकिटं टोचायचा जुना पंच झाला. मग मला वाटलं, पोराचं अन्न ज्याच्यावर चालतं ते तरी का सोडायचं. लॅपटॉप पाटावर उघडा ठेवला, पडद्यावरून झेंडूचा हार घातला (वरचा कॅमेरा त्यात झाकला गेला हे मला नंतर कळलं), विभूती भिजवली आणि कपाळ कुठं म्हणून बघितलं तर तो काळा चौकोनच दिसला. तीन बोटं टेकवली आणि देवाच्या कामात ओढतात तसे अगदी सावकाश तीन पट्टे ओढले. घंटी वाजवायला घेतली. आणि झेंडूच्या मागून तुझा आवाज आला.

तू “आई?” म्हणालास.

तुझ्या मोबाइलवर तिचंच नाव आलं असणार. समोर नुसता पिवळा अंधार आणि आपल्या देवघरातली घंटी. मला कळायला हवं होतं, मी लगेच म्हणायला हवं होतं की अरे मी आहे, अप्पा आहे. पण तुझा तसा आवाज मी तू शाळेत होतास तेव्हापासून ऐकला नव्हता. मी घाबरलो आणि झाकण लावून टाकलं. हारासकट. तू त्यानंतर बोलत नाहीस. रागावला असशील तर माझी काही हरकत नाही. पण तुला नुसतं वाईट वाटलं असेल आणि ते तू एकटाच घेऊन बसला असशील, तर ते मला झेपत नाही. वाईट मलाही वाटतं, दोघांनी मिळून वाटू दे.

दुसऱ्या दिवशी मी तसंच करून तुला बोलवायला गेलो तर जमेना. माझी बोटं कंडक्टरची, पटापट चालणारी. तीन ओढली की यंत्र गोंधळतं, पान पळवतं, आकाश दाखवतं. शेजारच्या दीपालीला (ती ई-सेवा केंद्र चालवते ती, सगळ्या गावाचे उतारे तिच्याकडं) बोलावून आणलं. तिनं आधी टचपॅडवरची वाळलेली विभूती पुसली आणि म्हणाली, “अप्पा, ह्यात बिघाड काय न्हाय. हे काकूंच्या हाताला लावून ठेवलंय. ते अजून तसंच थांबतंय.”

तरी माझी विनंती अशी की सवड काढून ये आणि हे यंत्र माझ्या हातासारखं करून दे. थांबणं कमी कर, वेग वाढव. बाकी इकडं तुरी फुलोऱ्यात आहेत आणि बलभीमच्या नातवाचं लग्न अजून सापडलेलं नाही. जेवत जा.

तुझे,
अप्पा

ता. क. बलभीम म्हणतो, मल्हारला लिही की माझी गाडी वेळेत निघायची ती शिवशरणच्या घंटीमुळं, कुणासाठी थांबायचा नाही हा माणूस. खरं आहे. तुझी आईही हेच म्हणायची.

ता. क. दुसरा. यंत्राचं वर लिहिलंय ते राहू दे. दीपाली दोन मिनिटांत बदलून देते म्हणाली होती, मीच तिला हात लावू दिला नाही. रोज पूजा झाल्यावर थोडा सराव करतो. दोन बोटं टेकवायची, तिसरं मागं ठेवायचं, मग आणायचं, मग हळू. काल जमलं. कॉल जायच्या आत मी बंद केला, तुला आधी हे पत्र मिळू दे म्हणून.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोचायला आठ दिवस धरतो, त्यानंतरच्या रविवारी सकाळी लावीन. नाव आईचंच येईल. ते बदलू नकोस. हार काढून ठेवला आहे, मी दिसेन. फक्त उचल.